परभणी, दिसलं का?

बिरादारकाका माणसाला नावानं हाक मारायचे नाहीत. स्टेशननं मारायचे.

हैदराबादेत, तारनाक्याला, त्यांच्या गच्चीवरची खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा चेहऱ्यावर 'मी फार सभ्य मुलगा आहे' असा भाव घेऊन गेलो होतो. हा भाव मी आमच्या उदगीरच्या शाळेतल्या हेडसरांकडून उचललाय. साहेब तपासणीला आले की ते असाच चेहरा करायचे. काका दारात उभे. चौकड्याची लुंगी, बनियन, कानावर पेन्सिल. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर हातानंच थांबवलं.

"कुठला?"

"उदगीर."

"आमच्याच लाइनीवरला की. मी भालकी. तुझ्या अलीकडं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत असं बघितलं, जशी काही गाडी वेळेवर लागलीय. "जिना मागून हाय. खोली बघून ये जा, उदगीर."

माझं नाव महेश आहे हे त्यांना कधी कळलं की नाही, मला शंकाच आहे. कामाला येणारी यादम्मा 'भोनगीर'. मुलगी सुजाताताई लग्न होऊन पुण्याला गेली, त्या दिवसापासून 'पुणे'. आणि विमलकाकू, म्हणजे त्यांची सख्खी बायको, त्या 'परभणी'. "परभणी, चा ठेवलीस का?" "परभणी, ह्या उदगीरला दोन भाकरी दे, बघ कसा मालगाडीसारखा रिकामा हिंडलालाय." काकू म्हणायच्या, "लग्नात उखाण्यात तेवढं एकदा विमल म्हणाले होते. तेपण कुणीतरी कानात सांगितलं म्हणून."

रेल्वेतून रिटायर झाले होते. काचीगुड्याला गाडी लागली की इंजिनापासून शेवटच्या, गार्डाच्या डब्यापर्यंत डब्यांच्या मधल्या ब्रेकच्या हवेच्या पाइपा तपासायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. हातात हातोडी, बॅटरी आणि एका डबड्यात साबणाचा फेस. सांध्यावर फेस फासायचा, बुडबुडा आला की हवा गळतीय. रिटायर झाल्यावर पाइपा गेल्या, पण डोक्यातून निघाल्या नाहीत. घरात कुठलीही गोष्ट झाली की त्यांचं एकच वाक्य: "इंजिनाजवळ प्रेशर कुणी बी दाखवतंय. गार्डाच्या डब्यात किती पोचलं ते बोल."

हे वाक्य मी त्यांच्यासमोर त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचो. 'गार्डाच्या' म्हणताना त्यांची मान थोडी पुढं यायची आणि 'बोल' म्हणताना खालचा ओठ बाहेर. काका खूश. "अजून जोरात म्हण, खरखर कमी पडली." कॉलनीच्या गणपतीत लोक आरतीच्या तबकाजवळ गर्दी करायचे, काका प्रसादाच्या रांगेच्या पार शेवटी जाऊन उभे राहायचे. शेवटच्या पोराच्या हातावर मोदक पडला की इकडं हात वर करायचे, हिरवा झेंडा दाखवल्यासारखा. मग स्वतः न खाता घरी.

गच्ची मात्र काकूंची. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, वेलीवर दोडकी, आणि पार कोपऱ्यात, टाकीपासून सगळ्यात लांब, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये अनंत. परभणीच्या घरून फांदी आणून लावलेला. तो ड्रम चार माणसांनी हलवला तरी हलला नसता. अनंताचं पहिलं फूल उमललं की काकू ते वाटीत पाण्यात ठेवायच्या आणि अख्ख्या घराला तो वास यायचा. काकांनी आयुष्यात कधी झाडाला पाणी घातलं नाही. "ते परभणीचं डिव्हिजन हाय," म्हणायचे.

काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी कधीचं सांगितलं होतं, पण दरवर्षी काकूंचं ठरलेलं: "आधी मोगऱ्याचा बहर जाऊ दे." गजरे बोटांनीच करायच्या. माणसं पावलांवरून ओळखायच्या. मी दाराबाहेर उभं राहून गॅसवाल्याच्या आवाजात ओरडलो, "अम्मा, सिलिंडर!" तर आतून उत्तर, "ये आत महेश. गॅसवाला चप्पल घासत येत नाही." माझ्या सगळ्या नकला खपल्या, काकूंसमोर एक नाही.

मग तो उन्हाळा आला. नळाला पाणी दिवसाआड, बोअर खरवडून खरवडून गढूळ. गच्चीवरची टाकी तळापुरती कशीबशी भरायची, तिला वर तोटी नव्हती, म्हणून झाडांसाठी काकू न्हाणीघरातून बादली भरून नेत. त्या सकाळी त्यांनी हाक मारली, "अहो, तेवढी बादली वर देता का?" काका पेपर वाचत होते. म्हणाले, "येलालो, दोन मिन्टं."

मी वर खोलीत दाढी करत होतो. मला आधी पाणी ऐकू आलं. जिन्यावरून ओघळणारं. मग बादली, एकेका पायरीवर आपटत. मग काकूंचा आवाज.

खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, पण हाड नीट धरलंच नाही. काकू पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर आल्या, खिडकीशेजारी, आणि तिथंच राहिल्या. यादम्मा दिवसा येऊन सगळं करायची. काका त्या दिवसापासून पेपर वाचायचे बंद झाले. पेपर यायचा, दाराशी पडायचा, गुंडाळलेला तसाच रद्दीत जायचा.

आणि बादल्या ते स्वतः नेऊ लागले. मी म्हटलं, "काका, माझी शिफ्ट दुपारची. सकाळी मी घालतो ना पाणी." ऐकेनात. एक दिवस अर्ध्या जिन्यात खाली बसले. हात छातीवर, कपाळावर घाम, आणि बादली मात्र सरळ धरलेली, थेंब सांडू दिला नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवले: ब्लॉकेज. बायपास करावं लागेल, लवकर करावं लागेल आणि तोवर जिना म्हणजे जिना चढायचा नाही.

बाहेर येऊन काका ऑटोत बसताना म्हणाले, "ह्या हैदराबादच्या पाण्यात चुनाच लै. बघ, माझ्यात बी बसलाय." मी हसलो. ते हसले नाहीत.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "कधी म्हणाले?"

"करू की. पहिलं पाण्याचं बघू."

"पाण्याचं काय बघायचंय?"

"झाडाचं. शेवटपर्यंत आपोआप पोचलं पाहिजे. मग मी जातो."

काकूंनी समजावलं. सुजाताताईंनी फोनवर रडून समजावलं. मी डॉक्टरांच्या आवाजात समजावलं. काही नाही. "काका, मी आहे ना इथं," म्हटलं, तर म्हणाले, "तू आज हायस. उद्या कंपनी तुला बेंगळूरला धाडंल. पाइप बदली मागत नाही."

शेवटी काकू चिडल्या. "मरू दे तो अनंत! मी दुसरा लावीन."

"कवा?" काका म्हणाले. "उठून कवा लावशील?"

काकांना कळलं आपण काय बोललो ते. उठून बाहेर आले, ओट्यावर माझ्याशेजारी बसले. बराच वेळ लुंगीचा काठ चोळत राहिले. मग म्हणाले, "रोज विचारतीय, आज पाणी घातलं का. मी हो म्हणतो. मग गप होतीय. तिला खरं वाटत नसंल, उदगीर. का वाटावं? येलालो म्हणलो होतो ना मी." काठ सोडून म्हणाले, "माझ्या बोलण्यावर नको. तिला डोळ्यानं दिसू दे."

तिथून ती नळी सुरू झाली.

ठिबक म्हणजे मला काही नवीन नव्हतं, आमच्याकडं उदगीरला शेताशेतात आहे. मी म्हटलं, सोपं आहे, टाकीपासून काळा पाइप, प्रत्येक कुंडीला एक ड्रीपर, संपलं. काकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि जमिनीवरच रेघ मारली. टाकीपासून निघाली, गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरली, काकूंच्या खिडकीच्या गजांना चिकटून आडवी गेली, आणि परत वर चढून सगळ्या कुंड्या घेत कोपऱ्यातल्या अनंतापर्यंत.

"काका, खाली आणून परत वर?"

"टाकी वर हाय की. टाकीच्या खाली जिथं असंल तिथं पाणी चढंल. मधी गळालं नाही तर." मग ओठ बाहेर काढून, "आणि नळी काचेसारखी पाहिजे. आतलं पाणी चाललेलं परभणीला पलंगावरून दिसलं पाहिजे."

मलकपेठच्या बाजारात एका पाइपवाल्याकडं आम्ही गेलो. तो मूळचा काझीपेटचा निघाला, म्हणजे त्याचं नाव ठेवायचं काम संपलं. काकांनी त्याच्या दुकानातली प्रत्येक नळी हातात घेतली. दुमडून बघितली, कानाजवळ नेऊन दाबली, एका टोकाला तोंड लावून फुंकली आणि दुसरं टोक माझ्या गालाशी धरलं. "आली का हवा?" दुकानातलं गिऱ्हाईक थांबून बघतंय, मी गाल पुढं करून उभा.

शेवटी काकांनी पारदर्शक नळीवर हात ठेवला. गवंडी भिंतीची लेव्हल बघायला वापरतात ती. काझीपेटवाल्यानं कपाळाला हात लावला. "चाचा, ये नक्को. धूप में हरी हो जाती. अंदर काई जम को रस्ता बंद. बाग के वास्ते काला पाइप लेते, धूप अंदर नै जाती."

"काल्यात दिसतंय का पाणी?"

"पानी देखना कायकू चाचा? पौदे कू पीना है ना?"

काका म्हणाले, "देखना है. घर में देखनेवाली है." आणि तीच नळी घेतली.

पहिली गाडी अशी सुटली. मी गच्चीवर, काका खाली बोळात खुर्ची टाकून खिडकीशेजारी. टाकीला बसवलेला कॉक मी उघडला. खालून आवाज, "पोचलं का?" मी अनंताजवळ उकिडवा. "अजून नाही!" "आता?" "नाही!" दुपारी ऊन चढलं आणि नळी शेवयांसारखी मऊ पडली, कठड्याच्या कडेवर मुरगळली, सांध्यातून निसटली. सगळं पाणी जास्वंदीनं एकटीनं पिलं. आठवडा-दोन आठवडे आम्ही ती बांधत, सरळ करत काढले. तोवर आत हिरवं शेवाळ धरलं. काझीपेटवाला बोलला होता तसंच. अनंताची पानं पिवळी पडायला लागली. बादलीनं पाणी मी रोज घालत होतो, पण अनंताला असं एकदम ओतलेलं, त्यात बोअरचं चुन्याचं पाणी मानवत नाही; त्याला थोडं थोडं, सतत ओल लागते. हे काकूंनीच पलंगावरून सांगितलेलं.

काळी घेऊ या म्हटलं तर काकांनी काळी घेतली, पण बारीक, काडीएवढी. का? तर ती खिडकीच्या गजांवर सुबक दिसते आणि तिच्यात मधेमधे त्या काचेसारख्या नळीचे तुकडे जोडता येतात. साबणाचा फेस घेऊन खालच्या खालीच सांधे तपासले. सांधे चोख. पण एवढ्या बारीक नळीतून एवढ्या लांब पाणी जातंय कशाला! पहिल्या चार कुंड्यांना थेंब, बाकीच्यांना घोषणा. "पोचलं का?" "नाही, काका." आता मी नक्कल करायचं सोडलं होतं. 'नाही' हा शब्द कुणाच्याही आवाजात म्हटला तरी तसाच लागतो.

मधे दवाखान्यातून दोनदा फोन आला. सुजाताताई तिकिटं काढायच्या आणि रद्द करायच्या. काका चालताना थांबायला लागले. दारापासून ओट्यापर्यंत जायचं तर मधल्या खांबाला धरून उभे राहायचे, आणि कुणी बघितलं की खांबाची तपासणी करत असल्यासारखं त्याला टिचकी मारायचे.

एका सकाळी मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर घरातून टण टण टण असा आवाज. यादम्मा अजून आली नव्हती. मी धावत पुढच्या खोलीत गेलो. काकू पलंगाच्या लोखंडी दांडीवर स्टीलचा पेला आपटत होत्या, पेला चेपला होता, आणि ओरडत होत्या, "खाली उतरा! अहो, खाली उतरा! मला पायरी ऐकू येतीय!" मी मागे गेलो. काका जिन्यात. पार वरच्या पायऱ्यांवर, भिंतीला टेकलेले, हातात साबणाचं डबडं. ओठ पांढरे.

"अनंताजवळचा सांधा..." म्हणाले. "तुला बुडबुडा दिसत नसंल, उदगीर. मला दिसंल."

मी त्यांना धरून एकेक पायरी उतरवलं. तोवर आतला पेला थांबला नाही. खाली आल्यावर ते काकूंच्या पलंगाशी जमिनीवर बसले, डोकं त्या दांडीला टेकवून. काकूंनी पेला ठेवला आणि चाचपडत त्यांच्या केसांवर हात ठेवला.

"उद्या दवाखान्यात चला."

"पोचू दे."

"मी मेल्यावर पोचवायलात का?"

काका लहान पोरासारखे रडले. मी दुधाची पिशवी घेऊन दारात उभा. "मी आलो असतो ना परभणी," ते म्हणत होते, "दोन मिन्टंच वाचलालो होतो. मी आलोच असतो."

त्या दिवशी मी शिफ्टला दांडी मारली आणि एकटा मलकपेठला गेलो. काझीपेटवाल्याला सगळं सांगितलं. त्यानं जाड काळा पाइप काढला, अंगठ्याएवढा, शेतात वापरतात तो. मुख्य लाइन सगळी ह्याचीच टाकायची. प्रत्येक कुंडीपाशी त्याला भोक पाडून वीतभर बारीक नळी, म्हणजे प्रत्येकाला आपापला वाटा आणि पुढच्याचं प्रेशर जात नाही. टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर, चुन्यासाठी. "और खिडकी के पास," तो म्हणाला, "बस एक हाथ का टुकडा काच का डालो. अम्मा के वास्ते. हरा होएगा तो निकाल को धो लेना." तुकड्याचे पैसे घेईना.

दोन सकाळी लावण्यात गेल्या. काकांनी खुर्चीत बसून प्रत्येक सांधा माझ्याकडून पुन्हा करून घेतला. "फेस लाव. लावलास का? बुडबुडा?" "नाही." "नीट बघ. बुडबुडा लाजरा असतो." तिसऱ्या सकाळी मी वर गेलो, कॉक उघडला, अनंताच्या ड्रमशी जाऊन बसलो. नळीनं आधी फुसकन हवा सोडली. मग एक थेंब आला. लटकला. पडला. मग दुसरा.

मी ओरडलो. कुणाच्या आवाजात ते मला माहीत नाही. "पोचलं! काका, गार्डाच्या डब्यात पोचलं!"

मी कठड्यावरून वाकून बघितलं. काका खुर्चीतून उठून खिडकीच्या गजांना धरून उभे होते. त्या काचेच्या तुकड्यात उन्हानं चकाकणारे बुडबुडे एकामागून एक सरकत होते, छोट्या गाडीसारखे.

"परभणी," काका म्हणाले, "दिसलं का?"

आतून काकू म्हणाल्या, "दिसलं."

पण काका तपासनीस. "काय दिसलं?"

"पाणी चाललंय. बुडबुडे आहेत त्यात."

"कुण्या बाजूनं कुण्या बाजूला?"

"टाकीकडून. डावीकडनं उजवीकडं. मग वर."

काकांनी गजांवरचे हात काढले. मी वरून बघत होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पाठ सरळ केली आणि हात वर केला, तोच, मोदकाच्या रांगेतला.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात भरती झाले. सुजाताताई आल्या होत्या. ऑटोत बसताना काकांनी मला खूण करून जवळ बोलावलं. "सकाळी तिला विचारायचं. दिसलं का म्हणून. ती हो म्हणली की मग कॉक बंद. विसरू नको." काकू खिडकीतून म्हणत होत्या, "स्वेटर घेतला का? तिथं एसी असतो." काका म्हणाले, "घेतला की, परभणी." घेतला नव्हता. खुर्चीवरच राहिला.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले. अतिदक्षता विभागात मला आत सोडलं तेव्हा तोंडावरचा मास्क बोटानं जरासा उचलून एकच विचारलं, "पोचलं का?" मी म्हटलं, "पोचतंय काका, रोज." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग ताप आला, छातीत जंतू गेले, डॉक्टरांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. काका घरी आले ते पांढऱ्या चादरीत गुंडाळलेले, आणि काकूंचा पलंग उचलून दाराशी आणावा लागला, म्हणजे त्यांना हात लावता येईल.

त्यानंतर मी काकांची नक्कल बंद केली. कॉलनीतली पोरं मागे लागायची, "अरे, ते गार्डाच्या डब्याचं कर ना." जमायचं नाही. सकाळी वर जायचो, गुपचूप कॉक उघडायचो, अनंताला थेंब पडताना बघायचो, कॉक बंद करायचो. विचारायचो कुणाला नाही. अनंत जगला. पानं हिरवी झाली, खालच्या फांदीला एक कळीपण आली. मला त्या कळीचा राग यायचा.

आता सुजाताताई काकूंना पुण्याला नेणार आहेत. तिथं डोळ्यांचं ऑपरेशन करू म्हणतायत, पायाचं पुन्हा दाखवू म्हणतायत. परवा सामान बांधताना मी खिडकीशी गेलो, तर तो काचेचा तुकडा पार हिरवा झालेला. आत बघायला काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "काकू, हा काढून इथं काळाच पाइप जोडतो. नाहीतर शेवाळ सुटून शेवटच्या कुंडीत अडकेल."

"जोड," त्या म्हणाल्या. "मला तसाही तो कधी दिसला नाही."

माझ्या हातात पक्कड होती. ती तशीच राहिली.

"एवढासा तुकडा, महेश. मला खिडकीचे गजसुद्धा नीट दिसत नाहीत. उजेड तेवढा दिसतो. टाकी कुण्या अंगाला आहे ते काय मला ठाऊक नाही? एवढी वर्षं मीच पाणी घालत होते." त्या पंख्याकडं बघत बोलत होत्या. "बिचारा माणूस. सगळे सांधे तपासले. माझे डोळे कुठं त्याच्या ध्यानात राहणार. मी म्हटलं, हो म्हणावं. दिसलं म्हटलं की जातील दवाखान्यात. जिना चढायचा थांबेल." चादरीची कड त्यांच्या बोटांत गजऱ्याच्या दोऱ्यासारखी फिरत होती. "मी म्हटलं दिसलं. आणि गेले."

मला वाटतं मी काहीतरी बोललो. डॉक्टर म्हणाले होते ते, की उशीर केला असता तर जिन्यातच गेले असते. असलंच काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुला त्यांचा आवाज येतो ना अजून?"

"नाही काकू. सोडलं मी ते."

"एकदा कर. वर जा, पाणी सोड, आणि विचार. ते विचारायचे तसं."

"काकू, तुम्हाला माझी एकपण नक्कल कधी—"

"पायात चप्पल घालू नकोस," त्या म्हणाल्या.

मी अनवाणी वर गेलो. गच्ची तापलेली. कॉक उघडला. अनंताच्या ड्रमात पहिला थेंब पडेपर्यंत थांबलो. मग खाली येऊन बोळातल्या त्या खुर्चीशी उभा राहिलो, त्या हिरव्या तुकड्यासमोर, दोन्ही हातांनी गज धरले. मान जराशी पुढं आली. खालचा ओठ आपोआप बाहेर गेला. खरखर जेवढी पाहिजे तेवढी होती.

"परभणी," मी म्हणालो, "दिसलं का?"

आत पंखा फिरत होता. पलंगाची दांडी एकदा वाजली.

"नाही," काकू म्हणाल्या. "नाही दिसलं हो. काहीच दिसलं नाही. जाऊ नका."